अजून दोन पायऱ्या

आत्याचा फोन सकाळी सहाच्या आत आला की दोनच शक्यता असतात. कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर नदीला पाणी आलेलं असतं. जुलैतल्या त्या मंगळवारी पाणी आलं होतं.

"पाच पायऱ्या राहिल्यात म्हणं," ती म्हणाली. "येतोस, का मी जातो एकटी?"

(आमच्या जयसिंगपूर-शिरोळ पट्ट्यात बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुण्यात राहायला आल्यावर मला कळलं की बाकीच्यांना हे ऐकून हसू येतं.)

पाच पायऱ्या म्हणजे वाडीच्या देवळाला पाणी लागायला उरलेल्या पायऱ्या. वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. सरकारी पाटीवर नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे दत्ताचं देऊळ घाटाच्या पार खालच्या अंगाला आहे. बाकी ठिकाणी देवाला जायचं तर चढावं लागतं, इथं गावातून उतरत जायचं. नृसिंहसरस्वती इथं बारा वर्षं राहिले आणि गाणगापूरला निघताना औदुंबराखाली पादुका ठेवून गेले, असं मानतात. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहानं ते बांधलं अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचं काय ते असो, पण दरवर्षी पुराखाली जाणारं देऊळ बुटकं आणि जाडजूड दगडी असावं यात मला तरी शहाणपण दिसतं.

पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी घाट चढत देवळापर्यंत येतं. उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाऊन डोकं भिजवायचं. हाच दक्षिणद्वार सोहळा. एरवी आपण नदीत अंघोळ करून देवाला जातो, इथं नदीच आधी देवाची अंघोळ उरकून मग आपल्याकडं येते.

अडचण एकच. याला तिथी नाही.

गुरू सिंहेत गेला की गोदावरीचं पर्व, कन्येत गेला की कृष्णेचं. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ २०१५ ला झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, वाडीला कन्यागत महापर्वकाळ झाला. या पर्वांच्या तारखा पंचांगवाले कितीतरी आधी सांगतात, त्यामुळं लोक रजा टाकतात, रेल्वेचं तिकीट काढतात, पोलीस बांबू रोवतात. दक्षिणद्वाराचं पंचांग मात्र आत्याच्या व्हॉट्सॲपवर येतं. कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती सोडलं, राधानगरीचे सातपैकी कितवे स्वयंचलित दरवाजे उघडले (एका दरवाजातून १४२८ क्युसेक, हा आकडा आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतो), कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा किती, आणि खाली कर्नाटकात अलमट्टीतून विसर्ग वाढवला का नाही. आत्या सातवी शिकलेली आहे. पण कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले एवढं सांगितलं की वाडीच्या घाटाला त्याचा फरक कधी पडणार ते ती बोटांवर मोजून सांगते, आणि तिचा अंदाज चुकलाच तर पाच-सहा तासांनी चुकतो.

पाणी कमी असून चालत नाही आणि जास्तही चालत नाही. पादुकांवरून वाहून दाराबाहेर पडण्याइतकं हवं. त्याच्यावर आणखी थोडं चढलं की दारच बुडतं, मग घाटावर कुणाला उतरू देत नाहीत. म्हणजे मधला जो काय काळ मिळेल तो. कधी दीड दिवस, कधी एक रात्र.

मी आधी दोनदा चुकलो होतो. पहिल्या वेळी पोचलो तेव्हा दोन पायऱ्या राहिल्या होत्या. रात्रभर आम्ही वरच्या धर्मशाळेच्या सोप्यात बसून राहिलो. दर तासाला कुणीतरी बॅटरी घेऊन खाली जाऊन बघून यायचं आणि म्हणायचं, अजून दोन पायऱ्या. पहाटे पाऊस उघडला आणि सकाळी तीन झाल्या. दुसऱ्या वेळी साहेबांनी रजा द्यायला एक दिवस घोळ घातला, तेवढ्यात पाणी दरवाजाच्या वर गेलं. देवळाच्या जागी नुसतं तांबडं पाणी आणि त्यातून वर आलेली झाडं बघून परत आलो. आत्या तेव्हा मला काही बोलली नाही. नंतर वर्षभर प्रत्येकाला मात्र सांगत होती, "आमचा पुण्याचा पोरगा, ऑफिसला विचारून देवाला येतो."

म्हणून त्या मंगळवारी मी साहेबांना विचारलं नाही. आत्या आजारी आहे असं कळवलं आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं निघालो.

जयसिंगपूरला उतरलो तेव्हा पाऊस असा नव्हताच. नुसती भुरभुर. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वाडीचा पूर वाडीच्या पावसानं येत नाही, तो महाबळेश्वर, कोयनानगर, राधानगरीच्या पावसानं येतो. इथं कधीकधी लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी तासाला बोटभर चढत असते.

घरी आत्या न्हाऊन, नऊवारी नेसून, पिशवी भरून तयार. पिशवीत कोरडं लुगडं, पंचा, हळद-कुंकवाची पुडी, नारळ, खारीक-बदाम, आणि जिपर असलेली प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी. ती कशाला, हे मला पुढं कळलं.

दादा घरी नव्हता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याची दोन एकर मळी आहे नदीकाठाला. मळी म्हणजे पुरानं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. वांगी लावा, ऊस लावा, मळीसारखं पीक दुसरीकडं येत नाही. अर्थात जी नदी गाळ देते तीच पीक घेऊनही जाते. दादा आणि शेजारचे दोघं-तिघं पहाटेपासून नदीवरच्या मोटारी वर काढत होते. पाणी चढायला लागलं की काठाला पहिली धांदल ही. मोटार बुडली तर रिवाइंडिंगला हजारो रुपये, आणि पूर ओसरल्यावर सगळ्यांनाच एकदम ते करून हवं असतं, त्यामुळं दुकानात नंबर लागत नाही.

आठच्या सुमाराला तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला ग्रीस. चहा पिता पिता म्हणाला, "आई, तू पाणी वाढू दे म्हणून हात जोडतीस, मी वाढू नको म्हणून. देवानं ऐकायचं कुणाचं?"

"दोन पायऱ्यांनी तुझा ऊस बुडत नाही," आत्या म्हणाली.

हे खरं होतं. मळी देवळाच्या मानानं बरीच वर आहे. पण पाणी देवळाशी येऊन थांबतं असं थोडंच आहे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ आहे. आयर्विन पुलाला ५७ च्या पुढं. तेव्हा वाडी, कुरुंदवाड, आजूबाजूची सगळी गावं पाण्यात गेली. आत्या आणि दादा नातेवाइकांकडं बारा दिवस होते. उसाचा शेंडा पाण्याखाली गेला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसला की तो ऊस उभ्या जागी कुजतो. त्या वर्षी दोन्ही एकर गेले. दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेच. तेव्हापासून दादा जुलै-ऑगस्टमध्ये नीट झोपत नाही. रात्री दोनला उठून मोबाइलवर कोयनेचा विसर्ग बघतो.

तरी गाडी त्यानंच काढली. म्हणाला, शिरोळच्या पुढं रस्त्यावर पाणी आलं असलं तर तुम्ही दोघं अडकाल, मला रस्ते माहीत आहेत.

रस्त्यावर पाणी नव्हतं. गर्दी होती. दक्षिणद्वार व्हायच्या बेतात आहे ही बातमी कशी पसरते कोण जाणे, पण कर्नाटकाच्या गाड्या, सांगलीच्या, इचलकरंजीच्या, सगळ्या आधीच येऊन लागल्या होत्या. औरवाडचा जुना पूल पाण्याखाली गेल्याचं कुणीतरी सांगितलं. देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत पेढेवाले आणि कवठाच्या बर्फीवाले एकीकडं गिऱ्हाईक करत होते आणि दुसरीकडं खालच्या फळीवरचा माल माळ्यावर टाकत होते. एकानं तर परातीतले पेढे तोलता तोलता पोराला ओरडून सांगितलं, "वजनकाटा शेवटी उचल!" त्यांची हालचाल बघून पाण्याचा अंदाज येतो. पेढेवाला नुसता माल हलवतोय म्हणजे काळजी नाही. शटर काढून ठेवायला लागला की आपण निघावं.

उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात आणून ठेवली होती. पाणी गाभाऱ्यात आलं की पूजा-आरती, पालखी सगळं तिथं. अजून चढलं की मूर्ती तिथूनही हलते, टेंबेस्वामींच्या मठाकडं. पुजाऱ्यांच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आम्ही दर्शन घेतलं तेव्हा एक तरुण पुजारी ओल्या सोवळ्यातच उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकाच सुरात सांगत होता, "सुरू झालंय, पण घाई करू नका. पाणी चढतंय."

तर तो चढता दक्षिणद्वार होता. चढत्या पाण्याचा एक आणि पूर ओसरताना पाणी पुन्हा त्याच पातळीला येतं तेव्हाचा उतरता, असे दोन असतात. पुण्य दोन्हींचं सारखंच म्हणे. आत्याच्या मते मात्र चढताच खरा. उतरत्याला घाटावर गाळ साठलेला असतो आणि माणसं आपटतात, एवढंच त्यामागचं शास्त्र असावं.

पायऱ्या उतरायला लागलो. रांगेला दोर बांधला होता, पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी, पण म्हाताऱ्या माणसाबरोबर एकाला सोडत होते. खाली लाइफ जॅकेट घातलेली पोरं, दोन अंबी आणि एक फुगवलेली रबरी बोट. अंबी म्हणजे आमच्याकडचे नावाडी. पूर आला की अर्धा तालुका त्यांच्या भरवशावर असतो आणि पूर ओसरला की त्यांची आठवण कुणाला राहत नाही. त्यातला एकजण पाण्यात कंबरेएवढा उभा राहून हातातल्या काठीनं वाहून येणारी जलपर्णी, ओंडके, प्लॅस्टिक बाजूला ढकलत होता. मध्येच त्यानं काठीनं एक विरोळा, म्हणजे पाण्यातला साप, अलगद उचलून लांब फेकला. बायका किंचाळल्या. तो म्हणाला, "चावत नाही ओ, त्यो बी घर सोडूनच आलाय."

मग आत्यानं ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. चष्मा काढून त्यात टाकला, कानातलं मशीन काढून टाकलं, जिप ओढली आणि माझ्या हातात दिली. "हरवू नको. अठरा हजाराचं हाय." कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि दोर धरून पाण्यात पाऊल टाकलं. मी मागोमाग.

पाणी गार असेल याची मनाची तयारी होती. जोराची नव्हती. वरून बघताना ते नुसतं दारातून ओसंडताना दिसतं, पण पोटरीला लागलं की कळतं, ही नदी आहे, अख्खी, आणि तिला या दारातून जायचंय. पायाखालची फरशी दिसत नव्हती. पाणी गढूळ, तांबूस, विटकरीच्याही पुढचं, आणि त्याला ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा आणि कुठंतरी उदबत्तीचा वास. गुडघ्याला काहीतरी आदळलं. दचकून बघितलं तर नारळ. कुणीतरी वर वाहिलेला, देवळातून फिरून बाहेर आलेला. आवाज इतका मोठा होता की लोक 'दिगंबरा दिगंबरा' म्हणताहेत हे ओठांवरून कळत होतं.

दारापाशी पोचलो. दगडी चौकट, आत अंधार, आणि त्या अंधारातून येणारं पाणी. आत काही दिसत नाही. पादुका कुठं, औदुंबर कुठं, काही नाही. आत्यानं दोन्ही हातांनी दोर धरून गुडघे वाकवले, डोकं पाण्याखाली घातलं, वर आली. पुन्हा घातलं. तीनदा. मग ओंजळीत पाणी घेऊन सोडलं. बहुधा फुवांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, नावानं असेल, मी विचारलं नाही.

नियम असा की तीन बुड्या झाल्या की पुढं सरकायचं. लाइफ जॅकेटवाल्या पोरानं शिट्टी वाजवली. आत्या हलली नाही. त्यानं पुन्हा वाजवली. लाउडस्पीकरवरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पुढं व्हा, मागं गर्दी आहे." आत्या तशीच, डोळे मिटून, पाण्याच्या रेट्याला पाठ देऊन उभी. तिचं मशीन माझ्या मुठीत होतं. तिला काहीही ऐकू येत नव्हतं, ना शिट्टी, ना लाउडस्पीकर, ना पाणी. मी तिचा दंड धरून ओढायला पाहिजे होतं. मी मुद्दाम थोडा वेळ ओढलं नाही. मागच्या बाईंनीही काही म्हटलं नाही. शेवटी तो काठीवाला अंबीच आला, आत्याच्या खांद्याला धरून म्हणाला, "चला आज्जी, अजून कितीजणी हाईत," आणि तिला दोन पावलं बाहेर आणलं.

या सगळ्यात मी स्वतः डोकं बुडवलं का? बुडवलं. एकदाच. कधी, ते नीट आठवत नाही, आणि वर आलो तेव्हा उजव्या पायातली चप्पल गेली होती. चपला वर काढून ठेवायच्या असतात. सगळ्यांनी काढल्या होत्या.

जाणाऱ्यांसाठी म्हणून सांगतो. चष्मा, घड्याळ, मोबाइल वरच कुणाकडं तरी द्या. लहान मुलांना खाली नेऊ नका, कुणी काही म्हणो. पाणी तोंडात जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो ती पंचगंगाही इथंच येऊन मिळते. पुरात सगळं धुऊन जातं असं म्हणायची पद्धत आहे. धुतलेलं जातं कुठं, तर याच पाण्यातून. आत्यानं तीर्थ म्हणून तीन आचमनं घेतली आणि तिला काहीसुद्धा झालं नाही. मी एकही घेतलं नाही आणि मला पुण्यात येऊन चार दिवस जुलाब. त्यावर घरात जी चर्चा झाली ती इथं देत नाही.

वर आलो तेव्हा दादा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. तो खाली उतरला नव्हता. हात लांबूनच जोडले म्हणाला. पेढेवाल्याशी बोलत होता, आणि तो पेढेवाला शटर काढत होता.

"निघूया," दादा म्हणाला. "कोयनेतनं वाढवलंय."

गाडीत आत्यानं मशीन कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलली, "कुणी काही म्हणत होतं का रं मला खाली?"

"नाही," मी म्हटलं.

दुपारपर्यंत दक्षिणद्वार बंद झाला. संध्याकाळी पाणी देवळाच्या वर. मी रात्रीच्या गाडीनं परत निघालो, पायात दादाची जुनी सँडल. दादा सोडायला स्टेशनवर आला, तिथंही मोबाइलवरच होता. राजाराम ४० फूट. इशारा पातळी ३९.

पुढचे आठ दिवस मी पुण्यात बसून तेच आकडे बघत होतो. एक्केचाळीस. एक्केचाळीस, सहा इंच. मग दोन दिवस हललंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी उतरावं म्हणून वाट बघत होतो आणि मला दादाचा तो सकाळचा प्रश्न आठवत होता. नवव्या दिवशी पाणी उतरायला लागलं. म्हणजे उतरता दक्षिणद्वार येणार, आणि आत्याचा फोन येणार हे नक्की होतं. चढत्याला गेली म्हणून उतरत्याला न जाणाऱ्यातली ती नाही.

फोन आला, पण दुपारी.

"झाला काल उतरता," ती म्हणाली. "मी नाही गेलो."

"का गं? बरं नाही का?"

"बरा हाय की मी. तुझ्या दादाबरोबर मळीत गेलतो. खालच्या अंगाला सात-आठ सऱ्या गेल्या. बाकीचा ऊस हाय. शेंडा वर राहिला, पोंग्यात गाळ नाही. मी स्वतः हात घालून बघितलं चार-पाच ठिकाणी. सरीत अजून पाणी होतं पिंढरीएवढं."

"मग?"

"मग काय, कृष्णाबाईच ती. घेतलं डोसक्याला." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागं मिक्सरचा आवाज येत होता. "दादाची सँडल कधी पाठवतोस? एकच जोड हाय त्याला चिखलात घालायला."